शतांश मिलिमीटरचा कारागीर

गावातल्या सुताराला विचारा, इंचाचे भाग किती? तो चटकन सांगेल, "आठ सूत." दाराच्या चौकटीत एखादे सूत मागेपुढे झाले, तर पाचर मारून भागते. पण नवी मुंबईत, ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये असाही एक कारागीर आहे, की ज्याच्या कामात पाचरीला जागाच नाही. कारखान्यात त्याला मशिनिस्ट म्हणतात. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, म्हणजे आयटीआयने, त्याला 'यंत्र कारागीर' असे नाव दिले आहे. त्याचे भाऊबंद दोन : लेथवर लोखंड कातणारा तो कातारी, आणि सुटे भाग जुळवून बसवणारा तो जोडारी.

हे लोक एका मिलिमीटरचे शंभर भाग करतात. त्यातला एक भाग म्हणजे शतांश. एका सुतात असे तीनशेहून अधिक शतांश मावतात. शतांश केवढा, हे शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. वहीचे शंभर कागद घट्ट दाबून धरा आणि पट्टीने जाडी मोजा. ती आठ मिलिमीटर भरली, तर एक कागद आठ शतांशांचा झाला. आता त्या एका कागदाचे आठ पापुद्रे सुटले अशी कल्पना करा. त्यातला एक पापुद्रा म्हणजे आपला शतांश. दशांश अपूर्णांक मुलांना रुक्ष वाटतात. ते असे हातात दिले, की मुले विसरत नाहीत.

एवढ्या बारकाव्याची गरज कोणाला, असे कोणी विचारील. गरज आपल्याच शेतात आहे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात इंधन ढकलणारा एक छोटा पंप असतो. त्याच्या नळीत एक पोलादी दांडा खालीवर होतो. त्या दोहोंमधली फट शतांशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असते. फट वाढली, की दाबाखालचे डिझेल मागे गळते, इंजिन चालू व्हायला त्रास देते, त्याचा जोर कमी होतो. फट कमी झाली, तर दांडा अडकून बसतो. म्हणून नळी आणि दांडा यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. एका पंपाचा दांडा दुसऱ्या पंपाच्या नळीत घालू नये. आणि डिझेल गाळून भरा, फिल्टर वेळेवर बदला, असे सांगतात तेही याचसाठी. धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा मोठा असतो!

असा दांडा होतो तरी कसा? लेथवर तो आधी मापाहून किंचित जाड कातून घेतात. मग भट्टीत तापवून, एकदम थंड करून कडक करतात. या तापवण्यात त्याचे माप थोडे बिघडते. ते वेगाने फिरणाऱ्या सानेवर घासून पुन्हा आणतात, आणि शेवटचा बारीक फरक बारीक पूड लावून, हळूहळू घोटून काढतात. प्रत्येक पायरीला मोजणी आलीच. तिथेच नवशिका फसतो. नुकताच कातलेला जॉब हाताला गरम लागत असतो. शंभर मिलिमीटर लांबीचे पोलाद दहा अंशांनी तापले, तर ते शतांशाहून थोडे अधिकच वाढते. गरम असताना बरोबर भरलेले माप थंड झाल्यावर कमी भरते. म्हणून अशा मोजणीसाठी जगभर वीस अंश सेल्सियस हे तापमान ठरवले आहे.

आता कोणी म्हणेल, आज संगणकावर चालणारी यंत्रे आली, मग कारागिराचे काय काम? यंत्र सांगितले तसे कापते खरे. पण हत्यार झिजते, आणि ते किती झिजले हे जॉब मोजून पाहिल्यावर कळते. मायक्रोमीटर आवळताना हात किती हलका ठेवावा, कातण्याचा आवाज केव्हा बदलला, हे कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. जाणता कारागीर कोणाला न शिकवता निवृत्त झाला, तर कारखान्यात यंत्र राहते आणि विद्या जाते.

लंडनच्या हेन्री मॉड्स्लेची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १८०० च्या सुमारास त्याने अचूक आटे पाडणारा लेथ बनवला. त्याच्या मोजमापाच्या यंत्राला 'लॉर्ड चॅन्सेलर' असे नाव पडले होते. मापाचा तंटा झाला, की अखेरचा निकाल त्याचा! त्याच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टवर बसतो, त्यामागे अशी प्रमाणे आहेत. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पुढे १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि खेड्यातल्या माणसांच्या हातून लोखंडी नांगर घडवले.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. जिथे आज कारखाने दिसतात, तिथे भातखाचरे आणि मिठागरे होती. खाडीवर आगरी-कोळ्यांचे पोट होते. आधी औद्योगिक महामंडळ आले, मग १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराखाली घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. तो हक्काचा प्रश्न आहे. हुन्नर शिकल्याने तो सुटत नाही. पण जमीन गेलेल्या घरातल्या मुलाने दारातल्या कारखान्याच्या फाटकावर पहारा करावा, की आत मायक्रोमीटर हाती घ्यावा, हे मात्र त्याच्या शिक्षणावर ठरते.

वाट सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सुरुवातीला कानस हातात येते. ठोकळ्याची बाजू सपाट आणि काटकोनात घासायची. मुले कंटाळतात, पण हात तिथेच तयार होतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. ज्याला शिकवण्याची आवड असेल, त्याला निदेशक होण्यासाठी वर्षभराचे वेगळे शिक्षण आहे. मुंबईत चुनाभट्टीला केंद्र सरकारची त्यासाठी संस्था आहे. मुलींनाही हे सर्व मार्ग खुले आहेत.

शिक्षक मित्रहो, गुण कमी पडलेला मुलगाच आयटीआयला जातो, ही समजूत आपण सोडून द्यावी. ज्याचे अक्षर नीटस, ज्याची भूमितीची आकृती स्वच्छ, आणि चुकले तर जो पुन्हा मोजून पाहतो, असा विद्यार्थी आपल्या वर्गात असेल, तर त्याला आणि त्याच्या आईवडिलांना या कामाची माहिती अवश्य द्या.