लहान, हलका, स्वस्त : लॅपटॉप घेण्याआधीचा विचार

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या सोळा पदार्थांची ओळख करून घेतली. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वारंवार दिसला आणि तो न्यायदर्शनाबद्दल अजिबात नव्हता. पंधरा-वीस हजारांत मिळणारा, पिशवीत मावणारा छोटा लॅपटॉप घ्यावा की नाही, असा तो प्रश्न. कुणाला मुलीच्या कॉलेजसाठी हवा आहे, कुणाला निवृत्तीनंतर लिहायला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कशाला विचारायचं, असं काहींना वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. संशय, प्रयोजन, दृष्टान्त, तर्क, निर्णय ही जी यादी आपण पाहिली, ती परीक्षेत लिहून विसरायची नाही. ती कुठे उपयोगी पडते ते आज पाहू.

पहिली पायरी संशयाची. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात समोर दिसतो तो खांब की माणूस, हे न्यायाचं नेहमीचं उदाहरण. संशय का येतो? उंची आणि आकार दोघांनाही समान आहेत, आणि दोघांना वेगळं करणारी खूण दिसत नाही, म्हणून. छोट्या लॅपटॉपचं अगदी तसंच आहे. त्याला कळफलक आहे, झाकण उघडतं, म्हणून तो लॅपटॉप दिसतो. पण आतली ताकद पुष्कळदा फोनच्या जवळची असते. दुकानातल्या झगमगाटात ही वेगळं करणारी खूण दिसत नाही. ती शोधणं हे आपलं काम.

आता दृष्टान्त. हा प्रश्न नवा नाही. २००५ साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. त्यातून जो हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप तयार झाला, त्याचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट इथल्या एका लहानशा शाळेत झाला. त्या यंत्राचा पडदा उन्हातसुद्धा वाचता येत असे. किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही, जवळजवळ दुपटीवर गेली.

त्याच वर्षी असूस कंपनीचा ‘ई पीसी ७०१’ बाजारात आला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण, ५१२ एमबी रॅम, वजन एक किलोपेक्षाही कमी. अमेरिकेत किंमत साधारण ४०० डॉलर. लोकांनी तो आनंदाने घेतला. आणि थोड्याच महिन्यांत, जानेवारी २००८ मध्ये, अ‍ॅपलने पहिला मॅकबुक एअर आणला. तोही हलका म्हणूनच नावाजला गेला. वजन सुमारे १.३६ किलो, किंमत १,७९९ डॉलर.

ही दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. जड यंत्र महाग आहे आणि हलकं स्वस्त! म्हणजे पैसे वजनाचे नाहीत. मॅकबुक एअर हलका होता, पण लहान नव्हता. त्याचा पडदा १३ इंची होता. ताकद आणि आकार राखून वजन उतरवायचं, तर अभियांत्रिकीचा खर्च येतो. ई पीसीने वजन उतरवलं ते पडदा, साठवण आणि ताकद कमी करून. आपण बोलताना ‘लहान, हलका, स्वस्त’ हे एका दमात म्हणतो, पण ते तीन वेगळे गुण आहेत. तिन्ही एकत्र मिळाले, की चौथं काहीतरी गेलेलं असतं. काय गेलं, हे विचारल्याशिवाय दुकानातून उठायचं नाही.

ई पीसीच्या वंशाचं पुढे काय झालं? २०१० मध्ये आयपॅड आला. ज्यांना फक्त बघायचं-वाचायचं होतं ते तिकडे गेले. ज्यांना काम करायचं होतं त्यांना परवडणारे मोठे लॅपटॉप मिळू लागले. २०१३ उजाडेपर्यंत ई पीसीचं उत्पादन आटोपलं होतं. यंत्र वाईट होतं म्हणून नव्हे, तर त्याचं प्रयोजन इतरांनी वाटून घेतलं म्हणून.

इथे आपण प्रयोजनाशी आलो. ज्या हेतूने माणूस कृतीला प्रवृत्त होतो ते प्रयोजन. ‘लॅपटॉप हवा’ हे प्रयोजन नव्हे, ते साधन झालं. म्हणून एक सोपी गोष्ट करा. एक आठवडा कागदावर टिपून ठेवा, की यंत्र लागलं असतं असं कोणतं काम आलं. लेख टाइप करणं, मेल पाठवणं, ऑनलाइन तास बघणं, परीक्षेचा फॉर्म भरणं, बँकेचं काम. यादी इथेच संपत असेल, तर छोटं यंत्र विचारात घ्यायला हरकत नाही. पण व्हिडिओचं संपादन, अभियांत्रिकीची रेखाटनं, मोठे हिशेबतक्ते किंवा एका वेळी वीस पानं उघडून चालणारं संशोधन यादीत आलं, तर इथेच थांबा. पुढचं ऐकलं नाही तरी चालेल.

आता थोडं सावध राहायची जागा. सोळा पदार्थांत ‘छल’ आहे, आठवतं? एका शब्दाचे दोन अर्थ असतात, बोलणाऱ्याच्या मनात एक, आणि दुसऱ्याने त्याचा दुसराच घ्यायचा. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी की नऊ घोंगड्या, हे शास्त्रातलं उदाहरण. दुकानातला आजचा नवकंबल म्हणजे ‘मेमरी’ हा शब्द. ‘६४ जीबी मेमरी आहे साहेब,’ असं कुणी म्हणालं, की विचारायचं : कोणती? रॅम की साठवण?

फरक घरातल्या उदाहरणाने समजतो. साठवण म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे लिहायचं टेबल. कपाट कितीही मोठं असलं, तरी टेबल वीतभर असेल तर दुसरं पुस्तक उघडायला पहिलं मिटावं लागतं. यंत्र ‘अडकतं’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच : टेबलावर जागा नाही आणि कपाटाकडे सारख्या खेपा चालू आहेत. त्यात स्वस्त यंत्रात साठवण पुष्कळदा ईएमएमसी प्रकारची असते, आणि ती एसएसडीपेक्षा हळू चालते. म्हणजे टेबल लहान आणि कपाटाचं दारही जड. शिवाय अशा यंत्रांत रॅम आणि साठवण बहुधा मुख्य पट्टीवरच डाखलेली असते. पुढे वाढवू म्हणाल, तर वाढवता येत नाही.

विंडोज ११ साठी किमान अट चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. ‘किमान’ म्हणजे ती प्रणाली त्यावर बसेल. काम सुखाने होईल असा त्याचा अर्थ नाही. विंडोज घ्यायचं असेल तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी यांच्या खाली उतरू नये, असं आमचं मत आहे. चार जीबीवर भागवायचंच असेल, तर हलकी प्रणाली असलेलं यंत्र बघावं. क्रोमबुक हा त्यातला एक मार्ग. २०२३ मध्ये आलेला जिओबुक हा दुसरा : ११.६ इंची पडदा, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, वजन ९९० ग्रॅम, तेव्हाची जाहीर किंमत १६,४९९ रुपये, प्रणाली कंपनीची स्वतःची. पण अशा यंत्रांवर विंडोजचे कार्यक्रम जसेच्या तसे चालत नाहीत. कॉलेज एखादा विशिष्ट कार्यक्रम सांगणार असेल तर आधी तिथे विचारून घ्या. क्रोमबुकबद्दल आणखी एक. नव्या मॉडेलांना दहा वर्षं सुधारणा मिळतात, पण ती दहा वर्षं तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजली जात नाहीत, तो यंत्रप्रकार बाजारात आल्यापासून मोजली जातात. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल असेल तर ती शेवटची तारीख बघूनच पैसे द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. देवनागरी ओळीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. म्हणून त्याच उंचीच्या पडद्यावर मराठीच्या ओळी कमी मावतात, आणि अक्षर लहान केलं की जोडाक्षरं डोळ्यांना त्रास देतात. दुसरी गोष्ट कळफलकाची. लहान यंत्रात जागा वाचवायला उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळा अरुंद करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचं फारसं अडत नाही. पण इनस्क्रिप्ट पद्धतीत त्याच कळांवर आपले च, ट आणि ड बसलेले आहेत, आणि शिफ्ट दाबलं की छ, ठ, ढ. म्हणजे अडचण नेमकी आपल्या बोटांना येते. तेव्हा दुकानात उभ्या उभ्या एक परिच्छेद मराठीत टाइप करून बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

आता तर्क. समजा, सोळा हजारांचं यंत्र दोन वर्षांत कामाला अपुरं पडलं. वर्षाला आठ हजार पडले. बत्तीस हजारांचं यंत्र पाच वर्षं चाललं, तर वर्षाला सहा हजार चारशे. म्हणजे महाग यंत्र स्वस्त पडलं! हिशेब बरोबर आहे. पण तो करताना आपण एक गृहीत धरतो, की घरात आज बत्तीस हजार आहेत. ज्या घरात सोळाच आहेत, त्या घरातल्या मुलीला हा तर्क ऐकवून काय उपयोग? तिचा खरा पर्याय ‘सोळा की बत्तीस’ असा नसतो, ‘सोळा की काहीच नाही’ असा असतो. फोनच्या पडद्यावर तीन वर्षं निबंध आणि प्रकल्प लिहायचे, की अडखळत का होईना चालणारं स्वतःचं यंत्र हातात असायचं? तुलना खऱ्या पर्यायांचीच करायला हवी. नाहीतर तर्क शुद्ध राहतो आणि निर्णय चुकतो.

या कोंडीतून जाणारी तिसरी वाट आहे : कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे जुने लॅपटॉप. तेवढ्याच पैशात आठ जीबी रॅम आणि एसएसडी मिळू शकते. मात्र ते जड असतात, बॅटरी थकलेली असू शकते. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे यंत्र विंडोज ११ ला चालणारं आहे का, हे आधी तपासा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा हवा. दुकानाची लेखी हमी घ्या, तोंडी नको.

आणि निर्णय. दोन्ही बाजू तोलून वस्तूचं स्वरूप ठरवणं म्हणजे निर्णय, असं शास्त्र म्हणतं. आमच्या मते इथे वेगळं करणारी खूण एकच आहे : हे यंत्र घरातलं दुसरं असणार की एकमेव?

घरी एक बरं यंत्र आहे आणि प्रवासात, ग्रंथालयात, बागेत बसून लिहायला काही हवं आहे, तर छोटा स्वस्त लॅपटॉप जरूर घ्या. आमच्या वयात खांद्यावरचा एक किलो कमी होणं ही लहान गोष्ट नाही. यंत्र एकमेव असणार असेल आणि थोडं थांबणं शक्य असेल, तर थांबा, पैसे साठवा किंवा चांगलं जुनं यंत्र शोधा. आणि यंत्र एकमेव आहे, थांबणंही शक्य नाही, जुनं विश्वासाचं मिळत नाही, तर घ्या. मनात कमीपणा न आणता घ्या. फक्त त्याच्या मर्यादा पहिल्या दिवशी समजून घ्या. एका वेळी दोन-तीनच पानं उघडायची, फाइली बाहेरच्या कार्डावर ठेवायच्या, आणि सोय असेल तर घरात असताना टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर लिहायचं.

ज्यांनी हा प्रश्न मुलीसाठी विचारला, त्यांना एक विनंती. दुकानात जाताना तिला बरोबर न्या, आणि टाइप करून तिलाच बघू द्या. पुढची तीन वर्षं त्या कळांवर बोटं तिची चालणार आहेत.

पुढच्या वेळी ‘वाद, जल्प आणि वितंडा’ घेऊ.