जळीत वॉर्डातला पाचवा दिवस

जळीत वॉर्डात आलेला माणूस पहिले दोन दिवस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. पाणी मागतो, घरच्यांची चौकशी करतो. नातेवाइकांना वाटतं, सुटला. मग पाचव्या-सहाव्या दिवशी ताप चढतो, बोलण्यात भ्रम येतो, पट्टीवर हिरवट डाग उमटतो आणि त्याला गोडसर, नकोसा वास येतो. जुन्या परिचारिका तो वास दारातूनच ओळखतात. तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा.

आग विझल्यावरही माणसं जातात ती अशी. भारतात दर वर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पहिल्या धक्क्यातून सलाइनने तगलेल्यांचा पुढचा शत्रू जंतुसंसर्गच.

खोल भाजलेली कातडी म्हणजे मेलेली कातडी. तिच्यातल्या रक्तवाहिन्या गोठून बंद झालेल्या असतात. अँटिबायोटिक शिरेतून कितीही दिलं तरी जिथे रक्तच जात नाही, तिथे ते पोहोचणार कसं? जंतूंना मात्र ऊब, ओल आणि अन्न आयतंच मिळतं. आधी त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस, मग रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले आणि वॉर्डातल्या नळांवरचे, हातांवरचे. एका ग्रॅम ऊतीत ते लाखावर गेले की वर लावलेली नवी कातडी धरत नाही.

1968 साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. आपल्या सरकारी दवाखान्यांतलं पांढरं मलम ते हेच. त्याने जंतूंना लगाम बसला, पण मढं घरातच राहिलं. मेलेला थर आपोआप गळून पडेपर्यंत तीन-तीन आठवडे वाट पाहायची, ही तेव्हाची रीत. तो थर सुटायचा तोही जंतूंनी कुजवल्यामुळे!

ही रीत मोडली ती युगोस्लाव्हियातल्या, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातल्या, मारिबोर या गावच्या शल्यचिकित्सक झोरा यान्झेकोविच यांनी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या रुग्णाला टेबलावर घेत. लांब पात्याच्या सुरीने मेलेली कातडी पापुद्र्या-पापुद्र्याने तासत. पांढरट, निर्जीव थर निघत जातो आणि एका क्षणी खालून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे असंख्य ठिपके उमटतात. तिथे थांबायचं, जिवंत ऊती लागली. लगेच त्यावर रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी लावायची. त्यांचा निबंध 1970 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरचे सर्जन मारिबोरला जाऊ लागले. जळिताच्या उपचारात याहून मोठं पाऊल कुणी टाकलं असेल, असं मला वाटत नाही.

पण निम्म्याहून अधिक अंग भाजलं असेल तर कातडी आणायची कुठून? घेतलेल्या कातडीला भोकं पाडून जाळीसारखी ताणतात, तरी पुरत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान जखमेवर वापरून पाहिलं. ते चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही, आणि खर्च नगण्य. (घरी मात्र पान, शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग स्वच्छ कापड आणि दवाखाना.) खोल जखमेला मात्र कातडीच लागते. त्यासाठी सायनमध्ये 2000 साली, मृतांनी दान केलेली कातडी साठवणारी त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे.

मृताची कातडी रुग्णाच्या अंगावर कायमची राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तेवढे दिवस ती जंतूंना दार बंद ठेवते, पाणी आणि प्रथिनं वाहून जाऊ देत नाही आणि रुग्णाची स्वतःची मांडी पुन्हा कातडी देण्याजोगी भरून येते. जीव वाचायला तेवढा अवधी पुष्कळदा पुरतो.

निधनानंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येतं. वय अठराच्या पुढे कितीही चालतं, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस, त्वचेचा कर्करोग असल्यास मात्र नाही. पेढीचं पथक घरी येतं, मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा अगदी पातळ थर काढतं, पट्टी बांधतं. पाऊण तासात काम होतं, रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते.

या दिवाळीत घरची माणसं एकत्र जमतील, तेव्हा आपली इच्छा त्यांना सांगा आणि जवळच्या त्वचापेढीचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. तुम्ही फॉर्म भरलेला असला तरी त्या सहा तासांत पेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो.