चलचित्र-संक्षेपणाची परिमाणे
अंकीय चलचित्राच्या फाईलचा आकार कमी करताना वापरलेली पद्धत व मूल्ये. तयार फाईलवरून ती ओळखणे अभिलेखसंग्रहांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. गांधीजी १९३६ मध्ये वर्धा जिल्ह्यातील सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे राहावयास गेले. त्यांच्या जीवनावरील मूळ चित्रफितींच्या आधारे विठ्ठलभाई झवेरी यांनी १९६८ मध्ये महात्मा हा दीर्घ अनुबोधपट सिद्ध केला. अशा दृश्यांच्या अनेक अंकीय प्रती निघतात. त्यांपैकी मुळाला अधिक जवळची कोणती, हे ठरविण्यास या परिमाणांचे साहाय्य होते.

७२० × ५७६ बिंदूंच्या व सेकंदास २५ चित्रांच्या असंक्षेपित चलचित्रास, नेहमीच्या ८ बिटी रंगमांडणीत, सेकंदास सु. १२·४ कोटी बिट लागतात. संक्षेपणात लगतच्या चित्रांतील समान भाग पुनःपुन्हा न नोंदता केवळ फरक नोंदतात आणि सूक्ष्म तपशील गाळतात. गाळलेला तपशील परत मिळत नाही.

फाईलचे बाह्य वेष्टन (उदा., एमपी४) व आतील संक्षेपणपद्धती (उदा., २००३ मधील एच.२६४) या भिन्न गोष्टी होत. मीडियाइन्फो, एफएफप्रोब यांसारख्या आज्ञावली पद्धती, चित्राचे आकारमान, चित्रगती व रंगमांडणी दाखवितात. सरासरी बिटवेग गणितानेही काढता येतो : १० मिनिटांची फाईल १५ कोटी बाइटांची असल्यास तो, ध्वनीसह, सेकंदास २० लक्ष बिट येतो. एक्स२६४ ही आज्ञावली आपली परिमाणे सामान्यतः प्रवाहातच मजकूररूपाने नोंदते. त्यांतील सीआरएफ हे मूल्य जितके कमी, तितका तपशील अधिक टिकतो. अनेक कॅमेरे व भ्रमणध्वनी मात्र अशी नोंद ठेवीत नाहीत. तेव्हा मूळ चित्रांमधील अंतर व चित्रागणिक वापरलेली स्थूलन-मूल्ये यांवरून अनुमान करावे लागते.

या शोधास मर्यादा आहेत. पुनर्संक्षेपण झाल्यास सामान्यतः केवळ शेवटच्या क्रियेची नोंद उरते. त्यामुळे निकृष्ट प्रतीवरून मोठ्या बिटवेगाने काढलेली प्रत आकडेवारीत सरस दिसली, तरी गेलेला तपशील तिच्यात नसतो. शिवाय जुन्या फितीवरील कण व ओरखडे पुष्कळ बिट खर्ची घालतात. त्यामुळे समान बिटवेगाच्या दोन फाईलींची गुणवत्ता समान असतेच असे नाही. म्हणून परिमाणांबरोबर प्रत्यक्ष चित्रांची तुलना आवश्यक ठरते, आणि मूळ फीत व तिची पहिली अंकीय प्रत जपणे हाच खरा संरक्षणाचा मार्ग होय.