एम.एड.चा लघुशोधप्रबंध : संशयापासून निर्णयापर्यंत

आजचा विषय जरा व्यवहाराचा आहे. ही माला ऐकणाऱ्यांत एम.एड. करणारे बरेच जण आहेत, नोकरी सांभाळून शिकणारे शिक्षकही आहेत. त्यांच्या डोक्यावर सध्या एकच ओझं असतं, लघुशोधप्रबंधाचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर एम.एड. दोन वर्षांचं झालं, चार सत्रं आली. वेळ वाढला. पण ओझं काही हलकं झालेलं दिसत नाही. ते का, याचा आज आपण विचार करू.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. पण शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाच्या निमित्तानं असे पुष्कळ प्रबंध वाचायला मिळाले. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शीर्षक पहिल्याच आठवड्यात ठरतं. प्रकरणं पाच, हे ठरलेलंच असतं. काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरंसुद्धा ठरलेली असतात. ठरलेलं नसतं ते एवढंच, की आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे. 'अमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या तमुक समस्यांचा चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक झालं. यात प्रश्न कुठे आहे? प्रश्न नसला की पुढचं सगळं काम सोपस्काराचं होतं. प्रश्नावली कुणाची तरी घ्यायची, टक्केवारी काढायची, शिफारशी लिहायच्या.

यात बिघडतं काय, असं कुणी विचारील. पदवी तर मिळते. पण बघा, वर्गात चाळीस मुलं समोर असताना 'हे मूल असं का चुकतंय' याचा शांतपणे विचार करायला शिक्षकाला एरवी सवड कुठे असते? प्रबंधाचं वर्ष म्हणजे ती सवड. ती सोपस्कारात गेली, तर संशोधन म्हणजे तक्ते भरणं हाच धडा घेऊन शिक्षक परत वर्गात जातो. शिवाय माहिती गोळा करायला आपण मुलांच्या तासिका घेतलेल्या असतात. त्या काही फुकट मिळत नाहीत.

संशय खरा हवा

आपल्याकडच्या न्यायदर्शनाचा इथे उपयोग होतो. न्यायसूत्रांच्या आरंभी सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच 'संशय' येतो, आणि 'निर्णय' येतो तो पुष्कळ पुढे. वात्स्यायनाचं म्हणणं असं, की जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही आणि जे निश्चित झालेलं आहे त्याविषयीही होत नाही. तो प्रवृत्त होतो संशयित विषयात. म्हणजे जिथे दोन पक्ष संभवतात आणि कोणता खरा ते ठरलेलं नाही, तिथे.

ही कसोटी आपल्या विषयाला लावून पाहा. 'पालकांच्या सहभागाचा मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का?' याचं उत्तर 'होतो' असंच येणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि परीक्षकालाही. संशयच नाही. उलट 'भारतीय शिक्षणाचं भवितव्य काय?' यात संशय आहे, पण तो दूर करायचं साधन तुमच्या हाती नाही. आपल्याला हवा असतो तो या दोहोंमधला प्रश्न : उत्तर खरोखर ठाऊक नाही, पण एका शाळेत, एका सत्रात, एका माणसाला शोधता येईल असा.

एक उदाहरण घेऊ. इयत्ता ५ वीच्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा, ती सांगेल की मुलं ६१२ भागिले ६ याचं उत्तर १२ लिहितात. खरं उत्तर १०२. मधलं शून्य गळतं. ८२४ भागिले ८ याचं १३ होतं, ५४५ भागिले ५ याचं १९ होतं. आता नेहमीचं शीर्षक काय येईल? 'इयत्ता ५ वीच्या विद्यार्थ्यांच्या भागाकारातील चुकांचा अभ्यास'. ठीक आहे. पण प्रश्न असा हवा : हे शून्य गळतं ते कशामुळे?

इथे खरे पक्ष उभे राहतात. पहिला पक्ष : मुलाला रीत नीट बसलेली नाही. ६ मधून ६ गेले, १ खाली घेतला, तो पुरत नाही म्हणून लगेच २ ही खाली घेतला, आणि दोहोंच्या मध्ये वर शून्य मांडायचं राहिलं. दुसरा पक्ष : शून्य म्हणजे 'काही नाही', मग लिहायचं कशाला, अशी त्याची समजूत आहे. तिसरा पक्ष : मुळात स्थानिक किंमतच पक्की नाही, ६१२ मधला ६ म्हणजे सहाशे हे त्याच्या मनात उतरलेलं नाही. तिन्ही मुलांचं उत्तर कागदावर १२ च दिसतं. उपाय मात्र तिघांना वेगवेगळे लागतात. म्हणूनच हा प्रश्न शोधण्याजोगा आहे.

मग साधन कसलं हवं, तेही प्रश्नच सांगतो. नुसती लेखी चाचणी पुरणार नाही. चुकणाऱ्या दहा-बारा मुलांशेजारी एकेक करून बसावं लागेल. 'मोठ्यानं बोलत करून दाखव' असं म्हणावं लागेल. आणि गणिताआधी एक तोंडी प्रश्न : ६१२ गोळ्या सहा जणांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला शंभराहून जास्त मिळतील की कमी? जे मूल 'जास्त' म्हणतं, का ते सांगतं आणि तरी १२ लिहितं, त्याला संख्येची जाण आहे, ती रीतीशी जोडलेली नाही. ज्याला हे सांगताच येत नाही, त्याची अडचण अधिक खोल आहे. एवढं प्रामाणिकपणे नोंदवलं तरी उत्तम लघुशोधप्रबंध होतो, आणि तो शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाच्याही उपयोगी पडतो.

ओलं सरपण

आता 'परिणामकारकते'कडे वळू, कारण अर्ध्याअधिक शीर्षकांत हा शब्द असतो. रचना अशी असते : पूर्वचाचणी, मग बारा तासिकांचा कार्यक्रम, मग उत्तरचाचणी. गुण वाढले. निष्कर्ष : कार्यक्रम परिणामकारक.

नैयायिक इथे थांबवतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात. उपाधी लक्षात घेतली नाही की अनुमान फसतं.

आपल्या प्रयोगातलं ओलं सरपण कोणतं? बारा तासिका जादा मिळाल्या, त्यामुळे गुण वाढले असतील. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली, त्यामुळे वाढले असतील. मधल्या दोन महिन्यांत वर्गशिक्षकांनीही शिकवलं असेल. नवीन बाई येतात, वेगळं काही करतात, म्हणून मुलं उत्साहानं बसली असतील. हे सगळं बाजूला काढायचं, तर तुलनेला दुसरी तुकडी हवी. तिलाही तितक्याच तासिका, तोच घटक, तीच चाचणी, फक्त शिकवणं नेहमीच्या पद्धतीचं. शाळेत एकच तुकडी असेल तर? तर परिणामकारकतेचा हट्ट सोडावा. भागाकारासारखा निदानाचा प्रश्न घ्यावा. तो कमी दर्जाचा नसतो.

वाचन आणि नमुना

संबंधित साहित्याच्या आढाव्याविषयी थोडक्यात. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण एम. बी. बुच यांनी १९७४ साली बडोद्याहून प्रसिद्ध केलं. आता पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर घरबसल्या पाहता येतात. वाचताना प्रत्येक अभ्यासाला एकच विचारा : माझ्या संशयातला कोणता पक्ष यानं बळकट केला? ज्याला उत्तर नाही, तो आढाव्यात नको. वीस सारांश एकाखाली एक लिहिले म्हणजे यादी होते, आढावा होत नाही.

आणि उतरवून घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लघुशोधप्रबंधालाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ६० पर्यंत असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. पण साम्य ८ टक्के आलं म्हणजे विचार आपला झाला, असंही नाही. मजकुरातले शब्द बदलून कुणाचा प्रश्न आपला होत नाही.

नमुन्याबद्दल नेहमी विचारतात : किती घेऊ? क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता सर्रास लावला जातो. शंभर जणांमागे ८०, हजारांमागे २७८. पण तो तक्ता यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या नमुन्यावरून मोठ्या गटातलं प्रमाण अंदाजण्यासाठी आहे. बारा मुलांशी सखोल बोलायचं असेल तिथे त्याचं काही काम नाही. सोयीनं निवडलेली शाळा असेल तर 'सोयीनं निवडली' असं लिहावं आणि निष्कर्ष त्या शाळेपुरता ठेवावा.

शाळेचं पंचांग

नियोजन गडबडतं ते इथे. आपण विद्यापीठाचं वेळापत्रक पाहतो, शाळेचं पाहत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, पहिला महिना बसता बसता जातो. मग गणपती, पाठोपाठ प्रथम सत्राची परीक्षा, दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा, सहली, स्नेहसंमेलन. त्यानंतर परीक्षांची घाई. मध्येच शिक्षकांना निवडणुकीचं काम. म्हणजे निवांत काळ दोनच : जुलै-ऑगस्ट, आणि दिवाळीनंतरचे पाचसहा आठवडे.

म्हणून दुसरं सत्र संपताना आराखडा मंजूर असावा. जुलैत मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती. ऑगस्टमध्ये साधनं दुसऱ्या शाळेतल्या सहासात मुलांवर वापरून पाहावीत, कोणता शब्द मुलांना कळत नाही ते तेव्हाच कळतं. दिवाळीनंतर प्रत्यक्ष माहिती. जानेवारी-फेब्रुवारीत विश्लेषण, मार्चमध्ये लेखन. विद्यापीठागणिक तारखा मागेपुढे होतील, क्रम तोच राहील. आणि मुलांची नावं प्रबंधात येता कामा नयेत, क्रमांक द्यावेत.

निर्णय

आकडेवारीला भिऊ नका, तिला देव्हाऱ्यातही बसवू नका. '०.०५ स्तरावर सार्थ' याचा अर्थ एवढाच, की दोन गटांत मुळात फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून अधिक नाही. फरक किती मोठा, उपयोगाचा किती, हे त्यातून कळत नाही. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला नाही, तर प्रबंध फसला असंही नाही. 'फरक आढळला नाही' हेही उत्तर आहे. ते लपवायला आकडे बदलणं मात्र अक्षम्य.

लिहिताना तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, प्रस्तावना शेवटी. रोज एक पान लिहून मार्गदर्शकांना पंधरवड्यानं दाखवावं. मार्गदर्शकांनाही आमची विनंती आहे : शीर्षक वाटून देऊ नका. विद्यार्थ्याला आधी वर्गात पाठवा आणि 'तुला तिथे काय कळलं नाही?' असं विचारा.

शिफारशींत 'शासनाने अमुक करावे' अशी वाक्यं येतात. ५ वीच्या बारा मुलांवरून शासनाला काय सांगणार? त्यापेक्षा उद्या सकाळी त्या वर्गात काय बदलता येईल, ते लिहावं.

राहता राहिली मौखिक परीक्षा. न्यायशास्त्र चर्चेचे प्रकार सांगतं : वाद हा तत्त्व कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, वितंडा नुसती दुसऱ्याची बाजू मोडण्यासाठी. परीक्षक काहीही करोत, आपण वाद करावा. जे आढळलं ते सांगावं, जे आढळलं नाही ते 'आढळलं नाही' म्हणावं.

पुढच्या व्याख्यानात आपण मुलाखतीची नोंद कशी करावी ते पाहू. तोवर एक काम करा. आपलं शीर्षक कागदावर लिहा, त्याखाली ते प्रश्नचिन्हानं संपणारं एक वाक्य करून लिहा, आणि त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरं मांडा. दोन्ही उत्तरं तुम्हाला शक्य वाटली, तर काम सुरू करायला हरकत नाही. एकच शक्य वाटलं, तर विषयावर अजून थोडं बसा.