पायली मापाची, किलो वजनाचा

दिव्याच्या खाडीकाठी भातशेती होती तेव्हा धान्य पायलीने मोजत. चार शेरांची एक पायली. पण पायली जागा मोजते, वजन नव्हे. २४० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ अंदाजे १९० ग्रॅम, साखर २००, तर न दाबलेली कणीक १२० ग्रॅमच मावते. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून किलोच्या आणि लिटरच्या पिशवीचे भाव सरळ ताडून पाहू नका, पैसे जादा जातील. किलोच्या दराला ०.९१ ने गुणा, लिटरचा दर निघेल.

घरातली एक वाटी ठरवा. वाण्याच्या काट्यावर ती आधी रिकामी, मग जिन्नस भरून तोला आणि वजाबाकी करा. शीग मात्र बोटाने सपाट करा, नाहीतर हिशेब फसतो. आकडे कागदावर लिहून फडताळाच्या दारावर चिकटवा.