पिंपातला डास

कोयनानगरला डासांचा विषय निघाला की पहिलं बोट धरणाकडे जातं. १०५ टीएमसी पाणी उशाशी साठलेलं, वर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस. मग डेंग्यू, चिकुनगुनिया इथे होणार नाही तर कुठे, असा सरळ हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यानं नुकसान होतं. शिवसागर जलाशयाचं पाणी वाऱ्यानं हलतं, त्यात मासे असतात. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती डास तिथे अंडी घालत नाही. त्याला थोडं, साचलेलं, सावलीतलं आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. घराच्या वळचणीला ठेवलेलं पिंप त्याला पुरेसं होतं.

पिंप ठेवावं लागतं, हे खरं दुखणं. धरणाच्या उशाला राहूनही डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं. मग बॅरल, हौद, जनावरांची दगडी डोण, सगळं भरून ठेवायचं. पाणी साठवणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. नळाला रोज खात्रीनं पाणी येणं हाही डेंग्यूवरचा उपायच आहे.

अशा पिंपात बॅटरीचा उजेड टाकावा. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीनं लटकलेल्या, डोकं खाली असलेल्या अळ्या वळवळत तळाकडे पळतात. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतल्या बाजूला, खसखशीहून बारीक काळे ठिपके चिकटलेले असतात. ती अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून खसाखसा घासावं लागतं. तेही आठवड्यातून एकदा, कारण अंड्याचा उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ याच गणितावर उभा आहे.

आषाढातल्या संततधारेत उघड्यावरची भांडी सारखी ओसंडतात आणि अळ्या वाहून जातात. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की मात्र पत्र्यावर वजन म्हणून टाकलेले टायर, प्लास्टिकच्या कागदाच्या घड्या, करवंट्या, सगळीकडे पाणी साचून राहतं. रानाच्या कडेला याच डासाचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस झाडांच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या पेरातही वाढतो.

रुग्ण सापडला की गाव धुराच्या मशीनची मागणी करतं. धुरानं उडते डास मरतात, पिंपातल्या अळीला काही होत नाही. शिवाय एडिस इजिप्ती घरात कॉटखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो. दारं-खिडक्या लावून घेतल्यावर धूर तिथवर पोचतच नाही. घरोघर फिरून पिंपांची झाकणं उघडून पाहणारी आशाताई त्या मशीनपेक्षा जास्त उपयोगाची, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिलाच ‘आमच्याकडे नाहीत डास’ म्हणून उंबऱ्यावरून परत पाठवणारी घरं आहेत.

डास फार तर काही शे मीटर उडतो. विषाणूचा लांबचा प्रवास होतो तो माणसाच्या रक्तातून. चिपळूण-कराड रस्ता कुंभार्ली घाट चढून कोयनानगरवरूनच जातो. इथल्या पाटण तालुक्यातली कितीतरी घरं मुंबई-नवी मुंबईच्या कमाईवर चालतात आणि गणपतीला, जत्रेला माणसं गावी येतात. ताप येण्याच्या सुमारास आणि पुढचे चार-पाच दिवस रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत चावलेल्या डासात तो ८ ते १२ दिवसांत वाढून लाळेत उतरतो. मग तो डास मरेपर्यंत चावेल त्याला आजार देऊ शकतो. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे तापाच्या माणसानं भर दुपारीही मच्छरदाणीत झोपावं.

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर हा आजार देशात इतका दिसेनासा झाला की २००५च्या अखेरीस तो परतला तेव्हा मधल्या काळात शिकून तयार झालेल्या बहुतेक डॉक्टरांनी त्याचा रुग्णच पाहिला नव्हता. २००६ मध्ये देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तपासलं, तेव्हा हा विषाणू जुन्या साथींच्या आशियाई वाणाचा नसून आफ्रिकी वाणाचा असल्याचं निघालं. याच डासामुळे पसरणाऱ्या झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१च्या जुलैत सापडला, तोही महानगरात नव्हे, तर पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात. त्या महिलेला त्याच वेळी चिकुनगुनियाही होता. झिकाचा ताप सौम्य असतो. भीती असते ती गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला.

चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात जातो, पण सांधे धरलेले राहतात. गणपतीनंतर लागण झालेल्या माणसाला ऐन भातकापणीत मूठ वळता येत नाही. काहींचे गुडघे, मनगटं, घोटे कित्येक महिने ठणकत राहतात. या आजारानं माणूस क्वचितच दगावतो, म्हणून त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला मात्र तो फार महाग पडतो.

डेंग्यूचं उलट. त्याचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. घरची माणसं ‘पेशी (प्लेटलेट) किती झाल्या?’ एवढंच विचारत राहतात, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. खरा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यानं, आणि तोही बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरच्यांना वाटतं, बरं वाटायला लागलं. तापावर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, पेज, सरबत. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोयनानगरहून कराड ५० किलोमीटरहून दूर आहे आणि पावसात घाटाकडचा हा रस्ता वेळ खातो. ताप उतरल्यावर पोट सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हातपाय गार पडले असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता गाडी काढावी.