मोटारींत रात्र काढतांना

हिमालयांत हिंवाळी सफर करणारे कित्येक लोक तंबूऐवजीं मोटारींतच निजतात. तेथें ऊब असेल, असें आम्हांसही पूर्वीं वाटे. परंतु पत्रा व कांच यांतून उष्णता लौकर निघून जाते. इंजिन बंद झाल्यावर गाडी थोड्याच वेळांत बाहेरच्या हवेप्रमाणें गार पडते.

ऊब गाडीची नव्हे, आपल्या शरीराची असते. पांघरूण ती केवळ राखतें. अंगाखालीं दबलेल्या दुलईंत हवा राहत नाहीं, म्हणून वरच्या घोंगडीइतकीच खालच्या जाड अंथरुणाची काळजी घ्यावी. घामट कपडे बदलून कोरडे घालावे. कानटोपी विसरूं नये. रबरी पिशवींत ऊन पाणी भरून ती फडक्यांत गुंडाळून पायांशीं ठेवावी. श्वासाची वाफ कांचांवर जमून पांघरुणें ओलीं होतात. यास्तव खिडकी बोटभर उघडी असावी.

इंजिन चालू ठेवून किंवा शेगडी पेटवून मात्र कधींही निजूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो, व निजलेला मनुष्य जागाच होत नाहीं. इ. स. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी येथें हिमवर्षावांत अडकलेल्या मोटारींत वीसांहून अधिक माणसें दगावलीं. थंडीबरोबर हा वायूही त्यास कारण झाल्याचें सांगण्यांत आलें. धुराची नळी बर्फानें बुजली कीं विष आंत शिरतें. तेथें बोटभर उघडी खिडकी पुरत नाहीं.

थंडी कुडकुडवून सूचना तरी देते. हा वायू निजलेल्यास तीही देत नाहीं. सफरीस निघणाऱ्या मुलांस पालकांनीं हा भेद आधींच समजावून द्यावा, अशी आमची विनंति आहे.